अण्णांनी फोन उचलला

'कळवतो' म्हणून उठून गेलेली माणसं मी आमच्या घरातही पाहिली आहेत आणि ऑफिसांतही. घरातली मला बघायला यायची. पोहे संपवायची, चहा संपवायची, आईला 'पोहे छान झाले होते' म्हणायची आणि दारात चपला शोधता शोधता म्हणायची, 'कळवतो.' एकानेही कधी कळवलं नाही. आई पुढचे काही दिवस फोनच्या आसपास तांदूळ नाहीतर मेथी निवडत बसायची आणि मग एक दिवस काही न बोलता आत जाऊन कुकर लावायची. तेवढ्यावर आम्ही समजून घ्यायचं. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची लोकांना फार लाज वाटते. ताटकळत ठेवायची मात्र कुणाला लाज वाटत नाही.

आई गेली, लग्नाचा विषय आपोआप मागे पडला आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे या शब्दातून. कसलं सुटणं! मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. सातपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. पाणी, दूध, मसाले, द्राक्षं, समोर येईल ते तपासायचं. एके दिवशी तिथल्या मालकाला मुलाकडे परदेशी जाऊन राहायची हुक्की आली. त्याने यंत्रं विकली, जागा भाड्याने दिली आणि आम्हा सगळ्यांना ग्रुपवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून दिलं. तेव्हापासून मी घरी होते. घरी बसलेल्या बाईला लोक 'सध्या काय करतेस' असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी मान हलवतात. मला त्या मान हलवण्याचा संताप येतो. मला काम येतं, चांगलं येतं आणि काम नसलं की मी माणसांत राहत नाही. ती नोकरी मला हवी होती ती एवढ्यासाठी.

घर म्हणजे उपनगर नावाच्या वस्तीमागची आमची कॉलनी, आणि घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते. अण्णा एसटीत कंडक्टर होते, बहुतेक वर्षं सटाण्याच्या मार्गावर. गाडीच्या शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचणारा तो आवाज निवृत्तीनंतरही कमी झाला नाही. कॉलनीच्या कोपऱ्यावर ते कुणाला जयभीम घालतात तो मला स्वयंपाकघरात ऐकू येतो.

आणि घरात वाजणारा फोन, मग तो कुणाचाही असो, अण्णाच उचलतात. फोन वाजत ठेवणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला उभं ठेवणं, असं त्यांचं म्हणणं. उचलला की पहिला शब्द 'जयभीम'. हॅलो नाही, नमस्कार नाही. पलीकडे बँकेची मुलगी असो, गॅसवाला असो, नाहीतर चुकून लागलेला कुणी असो, आधी खणखणीत 'जयभीम', मग 'बोला'. नोकरीला नवीन असताना डेपोतल्या कुण्या साहेबाने त्यांना समजावलं होतं म्हणे, की ड्युटीवर रामराम म्हणत जा, प्रवाशांना बरं वाटतं. अण्णा 'हो साहेब' म्हणून बाहेर आले आणि त्या दिवसापासून जो भेटेल त्याला जयभीम घालू लागले. आमच्याकडे पहिला फोन बसला तेव्हाचं मला आठवतं. पहिली रिंग वाजली तशी ते खुर्चीतून उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग रिसीव्हर उचलला. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना ते पाठ झालं होतं. त्याही पलीकडून 'जयभीम काका, ती आहे का' असंच विचारायच्या, आणि त्यांतल्या निम्म्या आमच्यातल्या नव्हत्या.

तर ती मुलाखत. दिंडोरी रोडला द्राक्षं परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, त्यांच्या पॅकहाऊसला क्वालिटीची मुख्य व्यक्ती हवी होती. सीझन तोंडावर आला होता. थंडी इतकी होती की निमाणीच्या स्टँडवर उभं राहून माझी बोटं वळेनाशी झाली. पहिल्यांदा मॅनेजरांनी प्रश्न विचारले. औषधांचे अंश मालात किती चालतात, नमुना बागेतून कसा घ्यायचा, कोल्ड रूमचं तापमान चढलं तर आधी काय करायचं. मला हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मग त्यांनी आतून एक क्रेट मागवून पुढे ठेवला आणि म्हणाले, 'यातलं काय परत पाठवाल?' मी घड उलटे करून पाहिले, एकाच्या देठाशी बुरशी धरू लागली होती ती दाखवली. मॅनेजर हसले. म्हणाले, 'मॅडम, माझ्याकडून झालं. आता मालकांना भेटून घ्या, ते काय, आपलं भेटायचं म्हणून.'

मालकांच्या केबिनमध्ये दोन मोबाइल होते, हार घातलेले देव होते आणि माझी फाइल होती. फाइल त्यांनी उघडलीच नाही. पांढरा कडक शर्ट, भरदार अंग, बोलणं अगदी मोकळं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'ताई, मूळ गाव कुठलं?'

'नामपूर,' मी म्हटलं.

त्यांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. 'आपलं बागलाणातलं नामपूर? काय सांगता! आमनी धाकली बहीण नामपूरलेच देयेल शे!' म्हणजे त्यांची धाकटी बहीण आमच्याच गावात दिलेली. मग फाइलवरचं माझं आडनाव त्यांनी एकदा बोट ठेवून वाचलं. आमचं आडनाव गावाच्या दोन्ही टोकांना सापडतं. कुणाला कुठलं टोक धरायचं ते ज्याचं त्याने धरावं.

'वडील काय करतात?'

'एसटीत होते.'

'शेतीबिती?'

'थोडी आहे, नदीकडे. चुलते बघतात.'

'नदीकडं?' ते खुर्चीत मागे टेकले आणि मला आपादमस्तक बघून मनापासून हसले. 'मंग तू आपलीच पोर शे!'

ताईची तू झाले होते आणि मराठीची अहिराणी झाली होती. 'आपली' म्हणजे कुणाची हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरजही नव्हती. त्या एका शब्दात मला कळलं, की नदीकडची शेती ऐकून या माणसाने मला गावाच्या भलत्या टोकाला नेऊन बसवलं आहे.

मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. नामपूर खरं, नदी खरी, आडनाव खरं. बाकीचं त्यांनी जुळवलं होतं. काही जण विचारतात, तू तिथल्या तिथे सांगून का नाही टाकलंस? काय सांगायचं होतं? मुलाखतीला आलेल्या बाईची फाइल न उघडता तिची शेती नदीच्या कुठल्या अंगाला आहे हे जो शोधतो, त्याने लाजायचं की मी? मी चहा प्यायले. वेलची घातलेला, चांगला गोड होता.

'कसं आहे,' ते म्हणाले, 'क्वालिटीला घरचंच माणूस पाहिजे. बाहेरच्यावर माल सोडता येत नाही.' मग बेल वाजवून त्यांनी निर्यातीची एक पेटी मागवली, स्वतःच्या हातांनी माझ्याकडे दिली. 'वडलांना दे. सोमवारपर्यंत कळवतो. कळवतो काय, झालंच समज.'

बसमध्ये ती पेटी मांडीवर घेऊन मी आले. मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची चीडही येत होती. अण्णांना मी एवढंच सांगितलं की मुलाखत छान झाली, मालक बागलाणकडचे निघाले, सोमवारी कळवणार आहेत. 'आपलीच पोर'चं मी सांगितलं नाही. सांगून त्यांच्या तोंडची चव कशाला घालवायची, असं वाटलं.

अण्णांनी पेटी उघडली. एकेक घड जाळीच्या पिशवीत, मणी सगळे सारखे, जणू एका साच्यातून काढलेले. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि उठून स्टीलच्या ताटल्या काढायला लागले.

'अण्णा, अजून कळवायचंय त्यांनी,' मी म्हटलं.

'एवढी पेटी कोणी उगाच देतं का?' ते म्हणाले. 'अन् त्यो मालक आहे. मालकाचा शब्द आहे.'

पेढे वाटतात तशी त्यांनी द्राक्षं वाटली. प्रत्येक दारात उभं राहून, त्या कंडक्टरच्या आवाजात, 'पोरीच्या कंपनीची द्राक्षं!' दिवेलागणीपर्यंत सगळ्या कॉलनीने माझी नोकरी खाऊन बिया थुंकायच्याही ठेवल्या नव्हत्या, कारण त्या जातीला बिया नसतात. समोरच्या बाई पदराला हात पुसत येऊन म्हणाल्या, 'आमच्या जावयालाही चिकटव बाई तिकडं कुठं.' मी 'बघते' म्हटलं. म्हणजे मीही 'कळवते'च म्हटलं म्हणायचं.

सोमवार आला आणि गेला. मंगळवारी मी स्वतःला समजावलं की सीझनची गडबड आहे. बुधवारपासून मी फोन सगळीकडे बरोबर नेऊ लागले, न्हाणीघरात प्लास्टिकच्या पिशवीत घालून. आवाज पूर्ण चढवलेला. सिमकार्डवाल्या कंपनीचा मेसेज आला तरी मी हातातलं काम टाकून तो उघडायचे. वाट बघणं म्हणजे नुसतं बसून राहणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी नोकरीची वाट बघितलेली नाही. त्यात सगळा दिवस जातो, अंग दुखतं आणि सांगायला काही काम केलेलं नसतं. भाजीला गेलं तरी कोणीतरी विचारायचंच, 'कधीपासून जायचं?' त्यांचा काय दोष, त्यांनी द्राक्षं खाल्ली होती.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात 'मॅम, प्रोसेसमध्ये आहे' असं सांगितलं. परत केला, परत प्रोसेसमध्ये. माझ्या व्हॉट्सअॅपला आईचा फोटो आहे, विहारासमोर पांढऱ्या साडीत उभी, मागे पंचशीलाचा झेंडा. एक दिवस तो फोटो मी मोठा करून बघितला, आणि माझ्या लक्षात आलं, की मी आईला बघत नाहीये. या फोटोत मालकांना काय दिसेल ते मी बघतेय. त्या क्षणी मला त्या माणसाचा असा राग आला की सांगता सोय नाही. त्याने अजून मला नोकरीसुद्धा दिली नव्हती आणि माझ्या आईचा फोटो मी त्याच्या डोळ्यांनी बघायला लागले होते. फोटो मी तसाच ठेवला.

फोन आला तो नेमका मी दळण आणायला गेले तेव्हा. अण्णांचा गुडघा धरल्यापासून गिरणीत मीच जाते. फोनची बॅटरी पार उतरली होती, म्हणून हॉलमध्ये चार्जिंगला लावला आणि म्हटलं, कोपऱ्यावरची गिरणी, ही गेले आणि ही आले. गिरणीत गर्दी होती. गरम पिठाचा डबा कमरेवर घेऊन परत आले, तर अण्णा दारातच उभे. हातात माझा फोन, चेहरा फुललेला.

'आला!' ते म्हणाले. 'मालकाचा सोताचा फोन! ऑफिसातल्या पोरीचा नाय, सोताचा.'

माझ्या हातातला डबा जड झाला. 'काय म्हणाले?'

'तू घरी नाय म्हटलं. मी तिचा बाप बोलतोय म्हटलं. मग बोललो की आम्ही. लय अदबशीर माणूस.'

'अण्णा, उचलल्यावर पहिल्यांदा काय म्हणालात?'

त्यांना प्रश्नच कळला नाही. 'काय म्हणजे? नेहमीचं.'

'मग ते काय म्हणाले?'

'जरा थांबला. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, बरं बरं, तुम्ही नामपूरला नेमके कुठं? मी म्हटलं, विहाराला लागूनच आपलं घर, कुणालाही विचारा. त्यो म्हणाला, हां हां.'

'मग?'

'मग म्हणाला, ताईंना कळवतो.'

डबा मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, हात धुतले, पुसले आणि लगेच फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मेसेज टाकला, 'सर, आपला फोन आला होता, मी घरी नव्हते, कृपया सांगावे.' थोड्या वेळाने त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. त्यांच्या खाली काहीही आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. नाही म्हणायला कुठलाच मालक स्वतः फोन करत नाही, हे मला माहीत आहे. तो फोन काय सांगायला आला होता हे मला कधीच कळणार नाही. कळणार नाही, असं म्हणायचं. कळलेलं आहे.

ऑफिसातली गोड मुलगी आता म्हणायला लागली, 'मॅम, पोझिशन होल्डवर आहे.' होल्डवर असलेली ती जागा काही दिवसांनी नोकऱ्यांच्या अॅपवर मला पुन्हा दिसली. तीच कंपनी, तेच काम, तोच अनुभव, आणि वर 'तातडीने पाहिजे'. मी बूट घातले आणि निघाले. कशाला जातेस म्हणून अण्णांनी विचारलं, तर लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं.

पॅकहाऊसच्या गेटवर वॉचमनने आत सोडलं नाही. मी म्हटलं, मॅनेजरांना बोलवा, मी इथेच उभी आहे. ते आले. बिचाऱ्याने डोक्याला जाळीची टोपी घातली होती, ती काढायचीही त्यांना आठवण राहिली नाही. मला बघून ते इतके ओशाळले, की क्षणभर मलाच त्यांची दया आली.

'मॅडम, माझ्या हातात असतं तर...'

'माझ्या कामात काय कमी पडलं तेवढं सांगा.'

'कामात काही नाही. खरं सांगतो, काहीच नाही.'

'मग?'

ते आवारात उभ्या असलेल्या कंटेनरकडे बघत राहिले. 'मालक म्हणतात, या जागेवर घरचंच माणूस पाहिजे.'

'मागच्या महिन्यात मी घरचीच होते,' मी म्हटलं.

त्यांना समजलं की नाही कोण जाणे. बहुतेक समजलं असावं, कारण ते घाईने म्हणाले, 'थांबा मॅडम, आलाच आहात तर एक पेटी देतो.'

'नको,' मी म्हटलं. 'मागचीच अजून पचलेली नाही.'

परत येताना बसमध्ये जुन्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. भली मुलगी आहे, माझ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकलेली. ती म्हणाली, 'अगं, तसंच असेल असं नाही. कदाचित खरंच त्यांच्या नात्यातलं कोणी आलं असेल.'

'तसंच असेल असं नाही' हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते कोण म्हणणार हे मला आधीच कळतं. भाड्याची खोली 'आत्ताच दिली' म्हणून सांगतात तेव्हा तसंच असेल असं नसतं. डबा खाताना कुणाची जागा अचानक बदलते तेव्हाही नसतं. कुणी कधी तोंडाने बोलत नाही, कागदावर लिहीत नाही, आणि मग आपण बोललो की आपण संशयी, कडवट, प्रत्येक गोष्टीत तेच बघणारे. हो, मी कडवट आहे. मालक मात्र मोकळेढाकळे, चहा पाजणारे, पेटी देणारे, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे? एक म्हातारा माणूस सांगतो, की फोनवर जरा रेंज गेल्यासारखं झालं.

अण्णांना मी सांगितलं, जागा होल्डवर आहे, कंपनीचीच काहीतरी अडचण आहे. त्यांनी मान हलवली. कॉलनीत कोणी विचारलं तर तेच मग सांगू लागले, 'होल्डवर आहे, होईल.' त्यांना 'होल्ड'चा उच्चार धड येत नाही, तरी तोच शब्द वापरायचे.

मग एक दिवस दुपारी आम्ही दोघं लसूण सोलत बसलो होतो. अण्णांनी एकाएकी विचारलं, 'मी उचलला नसता तर?'

'काय उचलला नसता?'

'फोन.'

'काहीतरीच काय अण्णा. त्याचा याच्याशी काय संबंध?'

'रेंज नव्हती गेली,' ते म्हणाले. हातातली पाकळी तशीच अर्धी सोललेली. 'त्यो थांबला होता. सगळी उमर गाडीत गेली माझी, पोरी. बोलता बोलता माणूस कशापायी थांबतो, ते मला कळतं. तवाच कळलं होतं. मला वाटलं, नसंल. आपलंच मन खोटं.'

माझा तोल गेला. खरं तर मालकावर ओरडायचं होतं, पण मालक समोर नव्हता, तर मी अण्णांवरच ओरडले. 'तुमचं काय चुकलं? तुम्ही काय चोरी केली? आपल्या घरात आपला फोन उचलला! जे रोज म्हणता ते म्हणालात! चुकायचं त्याचं आणि कानकोंडं व्हायचं तुम्ही, हा कुठला न्याय?' लसणाची टरफलं सगळीकडे उडाली. ती टरफलं अण्णांनी हातानेच गोळा केली, कागदात बांधली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. मला वाटलं, विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

मी पुन्हा अर्ज करायला लागले होते. अंबडला, सिन्नरला, गोंद्याला, जिथे कुठे प्रयोगशाळा म्हणून काही आहे तिथे. एक दिवस कणीक मळत होते, दोन्ही हात बरबटलेले, आणि हॉलमध्ये माझा फोन वाजला. अण्णांच्या चपलांचा आवाज आला. रिंग थांबली. मी मळायची थांबले, सवयीने, त्या आरोळीसाठी. काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, त्यांच्या हातून कट झाला.

मग कोणीतरी म्हणालं, 'हॅलो.'

तो आवाज मी ओळखला नाही. बारीक, खालचा, परक्या घरात पाणी मागताना लागतो तसा. 'हॅलो,' तो परत म्हणाला, 'कोण पाहिजे?'

मी कणकेच्याच हातांनी बाहेर आले. अण्णा फोन हातात धरून त्याच्याकडे बघत उभे होते. कट झाला होता.

'कोण होतं?'

'तुझी आत्या,' ते म्हणाले. 'रॉंग नंबर लागला म्हणाली, अन् ठेवला.'

तेवढ्यात परत वाजला. या वेळी त्यांनी तो माझ्यापुढे धरला, मी कोपराने बटण दाबलं. आत्याच, नामपूरहून. अण्णांची सख्खी धाकटी बहीण, जन्मभर त्यांचा आवाज ऐकलेली. 'जयभीम गं,' ती म्हणाली. 'मघाशी कुठं लागला काय माहीत, कोणी भलताच माणूस बोलत होता. दादा बरा आहे ना?'

मी म्हटलं, बरे आहेत. तिच्याशी काय बोलले आठवत नाही. ठेवला आणि अण्णांकडे वळले. मला रडू आलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

'अण्णा, उचलायचा तर नेहमीसारखा उचला. नाहीतर उचलू नका.'

'उचलीन की,' ते म्हणाले. खुंटीवरची पिशवी त्यांनी काढली, झटकली. 'तुझी नोकरी लागू दे आधी.'

ते भाजी आणायला गेले. मी खिडकीशी उभी राहिले. कोपऱ्यावर कोणीतरी सायकल थांबवून त्यांना जयभीम घातला, तो मला स्पष्ट ऐकू आला. अण्णांनीही हात वर केला, त्यांचे ओठ हललेले मला दिसले. आवाज काही आमच्या खिडकीपर्यंत आला नाही.